कावरखे साहेबांची मौन पदयात्रा

सोमेश्वरराव कावरखे यांनी शनिवार-रविवार आरोग्यदायी पद्धतीने घालवायचं ठरवलं, तेव्हा हिंगोली शहराला त्याची काहीच कल्पना नव्हती. असती तर निदान पोलिसांनी तरी आधीपासून काही बंदोबस्त केला असता.

ठरवण्यामागचं कारण तसं साधं होतं. पाटबंधारे खात्यातला हेडक्लार्क आठवड्याचे पाच दिवस खुर्चीत बसतो आणि उरलेले दोन दिवस त्या बसण्याचा शीण दिवाणावर पडून घालवतो. यात सोमेश्वररावांना आजवर काही गैर वाटलेलं नव्हतं. पण डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "साखर दारात येऊन उभी आहे. अजून आत आलेली नाही." सोमेश्वररावांना हे ऐकून बरं वाटलं. शेजारी बसलेल्या मिराबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, अजिबात बरं वाटलं नाही.

मिराबाईंचे वडील पुसेगावच्या घरी ओसरीवर खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. वय काही फार नव्हतं. चहा घेऊन गेल्या आणि त्यांना तसं पाहिलं त्या मिराबाईच. त्यामुळे हा रिपोर्ट आल्यापासून त्यांना एक नवीनच सवय लागली. सोमेश्वरराव दुपारी छातीवर पेपर टाकून झोपले की त्या स्वयंपाकघरातून हलक्या पावलांनी येत, दारात थांबून पेपर वर-खाली होतोय का ते बघत आणि परत जात. एकदा सोमेश्वररावांनी झोपेचं सोंग घेऊन हे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही बायको आपल्याकडे टक लावून बघते म्हणून ते आधी खुशीत आले. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला, आणि त्या दिवसापासून त्यांची दुपारची झोपच उडाली. तिच्या डोळ्यांतली ती भीती घालवायची, एवढंच त्यांना हवं होतं. बाकी साखर दारात उभी राहो नाहीतर ओसरीवर बसो, त्यांची काही तक्रार नव्हती.

त्यात पुण्याला नोकरी करणाऱ्या रुद्रने, म्हणजे त्यांच्या मुलाने, मोबाइलवर एक लेख पाठवला. गजबजलेल्या शहरात शनिवार-रविवार आरोग्यदायी कसा घालवावा, याबद्दलचा. लिहिणारा विद्वान असेल, पण हिंगोलीला त्याची कोणी सोयरीक झालेली नसावी. पहाटे तळ्याकाठी सायकल चालवा, मग एखाद्या शांत कॅफेत बसून वाडगाभर हिरवा पाला खा, दाट झाडीतून मौनात चाला, शक्य तर अनवाणी चाला, सैल आणि फिकट कपडे घाला, प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी पिऊ नका, आणि शेवटी खळखळून हसा. यातलं हसणं तेवढं आपल्याला जमेल, असं सोमेश्वररावांना प्रथमदर्शनी वाटलं. तरीही त्यांनी लेख एखादं शासकीय परिपत्रक वाचावं तसा वाचला आणि अंमलबजावणीला लागले.

आता कॉलनीत एखाद्याने नवीन चप्पल घेतली तरी त्याला चार जणांचा सल्ला मिळतो. इथे तर माणूस आरोग्य कमवायला निघाला होता. शेजारच्या जमीलभाईंचं शाळेच्या गणवेशांचं टेलरिंगचं दुकान. त्यांनी सोमेश्वररावांना नुसत्या नजरेने मापून घेतलं.

"कावरखेसाब, आधी पँट ढिली करून घ्या. इतक्या टाइट पँटीत आरोग्य कुठून घुसंल?"

पलीकडच्या जनकाबाई कुंपणावरून वाकून म्हणाल्या, "कारल्याचा रस प्या. न्हाईतर उलटं चाला. आमच्या भावकीत एकानं रोज उलटं चालून साखर घालवली."

"खरंच गेली?"

"गेली की. नंतर पाय मोडला, ती गोष्ट येगळी."

शनिवारी पहाटे सोमेश्वरराव नवे कोरे बूट घालून सेनगाव रस्त्याने एकटेच निघाले. एकटंच निघायचं, कारण उलटं चालणारे आणि पँट मापणारे लोक सोबत नकोत. हवा छान होती, रस्त्याच्या कडेला सोयाबीन डुलत होतं, आणि सोमेश्वररावांना आपण उगाच इतकी वर्षं वाया घालवली असं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात मागून एक मोटारसायकल आली आणि हळू झाली.

"साहेब, गाडी बंद पडली का?"

"नाही. चालतोय."

"कुठं चालले?"

"कुठंच नाही."

इथे त्यांचं चुकलं. आमच्या भागात पांढरपेशा माणूस सकाळी सकाळी हमरस्त्याने पायी दिसला तर त्याची गाडी तरी बंद पडलेली असते नाहीतर घरी भांडण तरी झालेलं असतं. गाडी बंद पडलेली नाही आणि जायचं कुठंच नाही म्हटल्यावर त्या भल्या माणसाने दुसरं कारण पक्कं धरलं. तो पहिल्या गिअरमध्ये शेजारून चालवत राहिला आणि संसारात असं होतंच, वहिनीचा राग दुपारपर्यंत उतरंल, असा धीर देत राहिला. त्याच्या धुराने सोमेश्वररावांची छाती भरली. शेवटी, हा माणूस जीव द्यायला निघाला असावा या शंकेने, रस्त्यालगतच्या विहिरी दिसेनाशा झाल्यावरच त्याने पिच्छा सोडला.

तो जातोय न जातोय तोच समोर एक जीप करकचून थांबली. जीप पुसेगावची, चालवणारा संतराम पुसेगावचा, आत कोंबलेली माणसं पुसेगावची, आणि सोमेश्वरराव पुसेगावचे जावई. आता सांगायला नको.

"जावईबापू पायी?" संतरामने इतक्या दुःखाने विचारलं की जीपमधली एक म्हातारी पदर डोळ्याला लावायला लागली.

"अहो, तब्येतीसाठी चालून राहिलो."

"जीपीत बसा, मंग तब्येतीचं बोलू. गावचा जावई रस्त्यानं पाय घासून राहिला अन् आमी बसून जावं व्हय? गाव तोंडात शेण घालंल आमच्या."

सोमेश्वररावांनी लेखातले मुद्दे सांगून पाहिले. संतरामने ते सगळे नीट ऐकून घेतले आणि त्यांच्या दंडाला धरून पुढच्या सीटवर बसवलं. त्या सीटवरचे तिघे उठून मागच्या शिडीला लोंबकळले. हिंगोलीला परत सोड म्हणावं तर जावयाला सासुरवाडीच्या वाटेवरून माघारी फिरवणं हा आणखी मोठा गुन्हा. जीप पुसेगावात जाऊन थांबली.

पुढचं सोमेश्वररावांना नीट आठवत नाही. सासूबाईंनी जावई न सांगता आला म्हणून आधी घाबरून आणि मग आनंदून चूल पेटवली, एवढं आठवतं. शिरा आला. त्यात तूप असं नव्हतं, तुपातच थोडा शिरा होता. मग लोण्याचा गोळा ठेवलेली धपाटी आली, भजी आली, दही आलं. ते म्हणाले, "चहात साखर नको." सासूबाईंना वाटलं जावई रुसला, म्हणून त्यांनी चमचा वाढवला. नको म्हणावं तर म्हातारीचा चेहरा फुलला होता, त्यामुळे सोमेश्वररावांनी मान खाली घालून सगळं खाल्लं. खरं सांगायचं तर ते चवीने खाल्लं. निघताना रिवाजाप्रमाणे मेहुण्याने पाटावर बसवून पांढरा टॉवेल आणि टोपीचा आहेर केला, आणि संतरामच्याच जीपमधून रवानगी झाली.

कॉलनीच्या तोंडाशी जमीलभाई उभेच होते. "काय साब, कुठपर्यंत गेलते?"

"पुसेगावपर्यंत," सोमेश्वरराव सहज म्हणाल्यासारखे म्हणाले. हे खोटं नव्हतं.

जमीलभाईंचे डोळे विस्फारले. "पैदल?"

सोमेश्वररावांनी नम्रपणे मान खाली घातली. मोठी माणसं स्वतःच्या पराक्रमाबद्दल बोलत नाहीत. पण तेवढ्यात संतरामने जीप मागे घेतली आणि खिडकीतून ओरडला, "पाव्हणे, शिऱ्याचा डबा राह्यला तुमचा."

मिराबाईंनी डबा हातात घेतला. उघडून पाहिला. सोमेश्वररावांनी बोलणी खायची पूर्ण तयारी केली होती. पण त्यांनी झाकण परत लावलं. डबा ओट्यावर ठेवला आणि दिवाणावरची चादर झटकली.

"राहू द्या, अहो. न्हाई व्हणार तुमच्यानं. पडा तुमी."

ते "पडा तुमी" सोमेश्वररावांच्या काळजात घुसलं. तिने तांब्या फेकून मारला असता तरी इतकं लागलं नसतं. तिने आशाच सोडली होती. आता ती दारात उभी राहून पेपरकडे बघणार, आणि जन्मभर बघणार. सोमेश्वरराव पडले नाहीत. संध्याकाळपर्यंत खुर्चीत ताठ बसून त्यांनी रविवारची योजना आखली.

योजनेत कसूर नव्हती, हे त्यांच्या शत्रूनेही मान्य करावं. शनिवारचा घात कशाने झाला? बोलल्याने. बोललं की लोक प्रश्न विचारतात, मग गाडीत बसवतात, मग खाऊ घालतात. तेव्हा बोलायचंच नाही. एकटं दिसल्याने झाला, तेव्हा सोबत माणसं घ्यायची. सेनगाव रस्त्याने झाला, तेव्हा उलट दिशेला, गावातून थेट कयाधू नदीकडे जायचं. त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर निरोप टाकला: उद्या सकाळी मौन पदयात्रा, सर्वांनी पांढरे सैल कपडे घालावेत, नदीवर पोचेपर्यंत कोणी बोलणार नाही, वाहनात बसणार नाही, काही खाणार-पिणार नाही, तिथे पोचल्यावर हास्ययोग होईल. खाली जमीलभाईंनी अंगठा टाकला आणि विचारलं की पायजामे शिवून देऊ का.

रविवारी सकाळी खरंच माणसं जमली. बहुतेकांना बायकांनी ढकलून पाठवलं होतं, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे पडलेले होते. जमीलभाई पांढऱ्या कुर्त्या-पायजाम्यात, डोक्यावर टोपी. सोमेश्वररावांनी पांढरा सदरा-पायजामा घातला आणि उन्हाला म्हणून कालच्या आहेरातली टोपी चढवून टॉवेल खांद्यावर घेतला. नव्या बुटांनी टाचा सोलल्या होत्या. पण लेखात अनवाणी चाला म्हटलंच होतं, म्हणून बूट घरीच ठेवले. प्लास्टिक वर्ज्य, आणि तांब्याची बाटली रुद्र पुण्याला घेऊन गेलेला. तेव्हा नदीवर पोचल्यावर प्यायच्या पाण्यासाठी त्यांनी माळ्यावरचं लहान मडकं काढलं, त्याला सुतळीचं शिंकं बांधलं आणि ते उजव्या हातात धरलं. मिराबाई आत पिठात हात घालून बसल्या होत्या. त्यांनी पाठमोरंच विचारलं, "येता कधी?" मौन सुरू झालेलं असल्यामुळे उत्तर आलं नाही.

आता हे दृश्य जरा डोळ्यांपुढे आणावं. सगळ्यांत पुढे एक अनवाणी माणूस, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात शिंक्यात धरलेलं मडकं, खडे टोचू नयेत म्हणून मान खाली. त्याच्या मागे पांढऱ्या कपड्यांतली माणसं, पडलेले चेहरे, कोणी कोणाशी बोलत नाही. आणि सगळे संथपणे नदीकडे चाललेत. सोमेश्वररावांना ही आपली आरोग्य पदयात्रा वाटत होती. इतर कोणालाही ती तशी वाटण्याचं काहीच कारण नव्हतं.

कोपऱ्यावरच्या चहावाल्याने पहिल्यांदा पाहिलं. त्याने लावलेलं गाणं बंद केलं, स्टोव्हची वात बारीक केली आणि हात जोडून उभा राहिला. बाकड्यावरची गिऱ्हाइकंही बशा ठेवून उठली. समोरून कोणाची माती चालली असेल तर चार पावलं सोबत जायचं, ही आमच्याकडची रीत. मेलेला ओळखीचा असायलाच पाहिजे असं नाही. गिऱ्हाइकं मागे लागली. चार पावलं झाली, पण सगळ्यांत आधी कोणी वळायचं? पहिला वळणारा वाईट दिसतो. त्यामुळे कोणीच वळलं नाही.

सोमेश्वररावांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून हे टिपलं आणि त्यांचा ऊर भरून आला. लोक उभे राहून नमस्कार करत होते. दुकानदार अर्धं शटर ओढत होते. आरोग्याबद्दल हिंगोलीत एवढी कळकळ असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. उगाच आपण या गावाला नावं ठेवत होतो, असा पश्चात्ताप त्यांना झाला. चौकात हवालदाराने शिट्टी न वाजवता नुसता हात करून ट्रक थांबवला आणि टोपी काढली. हारवाला पळत आला. त्याने हार घालायला कोणी सापडतंय का म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि शेवटी तो सोमेश्वररावांच्या हातात दिला. त्यांनी मान लववून सत्कार स्वीकारला.

मशिदीसमोर बसलेली मंडळी जमीलभाईंना बघून सामील झाली. त्यातल्या अशफाकने, जो त्यांच्या दुकानाशेजारीच घड्याळं दुरुस्त करतो, हळूच विचारलं, "किसकी है, चचा?"

मौनात असलेल्या जमीलभाईंनी हनुवटीने पुढच्या सोमेश्वररावांकडे खूण केली. यात्रा त्यांची, म्हणजे काढली त्यांनी, असं त्यांना म्हणायचं होतं. अशफाकने मागच्याला सांगितलं की कावरखे साहेबांच्या घरची हाय. मागच्याने त्याच्या मागच्याला सांगताना घर गाळलं, कारण कुजबुजताना माणूस थोडक्यात बोलतो. शेपटापर्यंत बातमी पोचली तेव्हा ती अशी होती की पाटबंधाऱ्यातले कावरखे साहेब गेले, गाडी पुढं नदीवर गेली असंल. शेपटाकडून पुढचं मडकं धरलेला माणूस कोण ते दिसत नव्हतं.

आणि नेमक्या शेपटापाशी, भाजीची पिशवी घेऊन, जनकाबाई उभ्या होत्या.

नदीकाठी घाट आहे आणि घाटाला लागून स्मशानभूमी. सकाळची हवा तिथेच सगळ्यांत चांगली असते, त्याला सोमेश्वरराव काय करणार? ते पायऱ्यांवर थांबले आणि मागे वळले. अर्धं गाव माना खाली घालून उभं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून पुढच्या रांगेतल्या बायाही रडायला लागल्या. तिकडे स्मशानातला माणूस, मला काहून कोणी सांगितलं न्हाई, असं पुटपुटत घाईघाईने लाकडं रचत होता.

कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे आता हास्ययोग. सोमेश्वररावांनी मडकं खाली ठेवलं, दोन्ही हात आभाळाकडे नेले आणि पोटातून हसायला सुरुवात केली. कॉलनीची मंडळी सकाळपासून तोंड दाबून कंटाळली होती, तीही जोरात हसली. हा हा हा, हो हो हो. कयाधूच्या पल्याडून प्रतिध्वनी आला. गाव अवाक झालं. एक पागोटेवाला म्हातारा पुढे आला आणि त्याने सोमेश्वररावांना घट्ट मिठी मारली.

"लेकरा, असं हसू नको. रड. मोकळा होऊन रड. दुःख डोस्क्यात जातंय तुझ्या."

मिठीत सापडल्याने सोमेश्वररावांना बोलता येईना. तेवढ्यात स्पीकरचा खरखर आवाज झाला. ग्यानबाराव आले होते. ग्यानबाराव हे माजी नगरसेवक. गावातली एकही माती त्यांनी चुकवलेली नाही आणि एकाही मातीला वेळेवर आलेले नाहीत. गाडीत स्पीकर कायम चार्ज केलेला असतो. त्यांनी गर्दीच्या मागेच कोण गेलं ते विचारून घेतलं होतं. ते पायरीवर चढले, गावाकडे तोंड आणि सोमेश्वररावांकडे पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी आवाज खाली आणला.

"सोमेश्वरराव कावरखे. काय बोलावं? शब्द फुटत नाहीत. हसतमुख माणूस. मनाने निर्मळ. पाटबंधारे खात्यात त्यांच्या टेबलावर गेलेलं काम..." इथे ग्यानबाराव जरा अडखळले, "...कधी ना कधी झाल्याशिवाय राहिलं नाही."

सोमेश्वररावांनी म्हाताऱ्याची मिठी हळूच सोडवली. काहीतरी भलतंच झालंय हे त्यांच्या लक्षात यायला लागलं होतं. सांगायला हवं होतं हेही कळत होतं. पण एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्याबद्दल माईकवरून कोणी कधी बोललेलं नव्हतं. माणूस इतकं चांगलं बोलत असताना मध्येच तोडणं त्यांना बरं दिसेना. ते कान देऊन ऐकत राहिले. आता प्रामाणिकपणाबद्दल येईल, मग आपण मार्गी लावलेल्या त्या कालव्याच्या फायलीबद्दल येईल, असं त्यांना वाटत होतं.

"मला वारंगा फाट्याला एका दुकानाच्या उद्घाटनाला जायचंय," ग्यानबाराव म्हणाले, "म्हणून इथेच थांबतो आणि श्रद्धांजली वाहतो."

"एवढंच?" सोमेश्वरराव म्हणाले.

दुखावलेल्या माणसाचा आवाज होता तो. ग्यानबाराव वळले. त्यांनी सोमेश्वररावांकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, परत चेहऱ्याकडे पाहिलं. पण मुरलेला माणूस. त्यांनी माईक तोंडाजवळून हलवला नाही.

"सोमेश्वरराव आजही आपल्यातच आहेत," ते म्हणाले आणि घाम पुसला.

यानंतर जो गोंधळ उडाला त्यात कोणी सोमेश्वररावांना हात लावून बघत होतं, कोणी जमीलभाईंना जाब विचारत होतं, आणि लाकडं रचणारा माणूस आता मी काय करू म्हणून विचारत होता. लोकांचा सूर जरासा नाराजीचा होता. गाव कामधंदा सोडून आलं होतं. त्यांना तोंडी तरी काही सांगायला हवं म्हणून सोमेश्वरराव पुढे झाले, आणि तेवढ्यात गर्दी आपोआप फाटली.

मिराबाई धावत येत होत्या. जनकाबाईंनी रस्त्यातूनच ओरडून सांगितलं होतं. तासाभरापूर्वी दारातून चालत गेलेल्या माणसाची अंत्ययात्रा एवढ्यात कशी निघेल, हा हिशेब घाबरलेल्या माणसाला सुचत नाही. पायात चप्पल नाही, कोपरापर्यंत पीठ, पदर कुठेतरी मागे लोळत होता. घरापासून नदीपर्यंत त्या थांबल्या नव्हत्या. समोर सोमेश्वरराव उभे दिसले, हातात हार, अंगावर पांढरे कपडे. त्या जागीच थांबल्या.

"वहिनी, धीर धरा," ग्यानबाराव सवयीने बोलून गेले.

मिराबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या पायऱ्या उतरून आल्या, नवऱ्याच्या हातातला हार ओढून घेतला आणि पाण्यात भिरकावला. मग मडकं उचललं आणि तेही भिरकावलं. मग सगळ्या गावादेखत त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं. त्या पायरीवर बसल्या ते मनगट न सोडता, त्यामुळे सोमेश्वररावांनाही बसावं लागलं.

"मी चालत होतो गं फक्त," सोमेश्वरराव म्हणाले. मडक्याचं, टोपीचं, अनवाणी पायांचं स्पष्टीकरण त्यांना द्यायचं होतं. पण तिच्या तोंडाकडे बघितल्यावर त्यांना ते सगळं फार मूर्खपणाचं वाटलं. जी भीती घालवायला निघालो तीच आपण हिला रस्त्याने पळवत आणून नदीवर दाखवली, हे त्यांना कळलं, आणि आपल्याच श्रद्धांजलीत त्यांना खरंखुरं रडू आलं. पागोटेवाल्या म्हाताऱ्याने समाधानाने मान हलवली.

घरी परतल्यावरही गावाने त्यांना मोकळं सोडलं नाही. स्मशानातून आलेल्या माणसाने तसंच घरात शिरायचं नसतं. मेलं कोणी नव्हतं हे जनकाबाईंना मान्य होतं, पण जाऊन तर आले होते ना. त्यांनी दारातच कडुनिंबाचा पाला चावायला लावला आणि अंगावर गार पाणी ओतलं. मागोमाग घरोघरची पिठलं-भाकरी यायला लागली, कारण बातमी कानावर पडताच बायांनी, कावरखेंच्या घरी आज चूल पेटणार नाही म्हणून, हातासरशी पिठलं टाकलं होतं. आणि असं अन्न परत न्यायचं नसतं. गोडाचा कण नाही, तेलाचा थेंब बेताचा. शहनाज भाभींनी, जमीलभाईंच्या बेगमने, चहा पाठवला तोही बिनसाखरेचा, दुःखात गोड कशाला म्हणून. लेखवाल्याने सांगितलेल्या सगळ्या गोष्टी गावाने अशा रीतीने एका दिवसात पार पाडल्या, आणि त्याही तळं, सायकल, झाडी, कॅफे यांच्यावाचून.

पण मिराबाई आठवडाभर आपल्या कामातच राहिल्या. रागावल्या म्हणावं तर तसंही नाही. सोमेश्वररावांनी एकदोनदा विषय काढला, त्या भाजी निवडत राहिल्या. शनिवारी पहाटे सोमेश्वरराव जागे झाले तेव्हा त्या दारात तयार उभ्या होत्या. अंगावर रुद्रच्या मुंजीतलं लालभडक लुगडं, हातभर हिरव्या बांगड्या, कपाळावर लांबूनही दिसावं इतकं मोठं कुंकू, आणि पायात रुद्रचे जुने खेळाचे बूट.

"कुठं निघालीस?"

"चालायला. मी पुढं चालते, तुमी मागून या. असं कुंकू पुढं दिसलं म्हंजे कोणी हात जोडणार न्हाई."

आणि खरंच कोणी जोडले नाहीत. चहावाल्याने गाणं चालूच ठेवलं. सेनगाव रस्त्याला संतरामची जीप करकचून थांबली, पण त्याने तोंड उघडायच्या आत मिराबाईंनी न थांबता हात वर केला. "संतराम, पुढं जाय. जावई जित्ते हायेत, अन् चालूनच येणार हायेत." पुसेगावच्या लेकीपुढे पुसेगावच्या जीपचं काही चालेना. जीप निघून गेली.

मिराबाई चालायला भलत्याच तेज निघाल्या. सोमेश्वररावांना थोड्याच वेळात दम लागला. बायकोपुढे असं धापा टाकणं त्यांना कमीपणाचं वाटलं, म्हणून त्यांनी तोंड मिटलं आणि श्वास आवाज न करता, अगदी हळूहळू घ्यायला सुरुवात केली. चार पावलं झाली असतील नसतील. पुढचं लाल लुगडं एकदम थांबलं, आणि मिराबाई गर्रकन वळल्या. चेहरा पांढराफटक.

सोमेश्वररावांनी तो चेहरा पाहिला. त्यांनी तोंड उघडलं आणि रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता मोठमोठ्याने धापा टाकायला लागले. मिराबाई पुन्हा वळून चालू लागल्या, आणि गाव मागे पडेपर्यंत सोमेश्वररावांनी तो आवाज एकदाही बारीक होऊ दिला नाही.